द्राक्षाच्या रोगट पानांचे फोटो क्लाउडवर कसे लावायचे? रोगाच्या नावाचे फोल्डर की वेगळी यादी?

निफाडकर
नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या द्राक्षबागांमधले पानांचे फोटो आम्ही काही मित्र मिळून दोन हंगाम जमवतोय. डाऊनी, भुरी, करपा आणि निरोगी, असे चार प्रकार. साडेपाच हजारांच्या आसपास फोटो झालेत, अर्धे ड्राइव्हवर, काही व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये, काही अजून ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्येच. आता हे सगळं गुगल क्लाउडच्या बकेटमध्ये (फाइली ठेवायच्या ऑनलाइन जागेत) टाकून व्हर्टेक्स एआयमध्ये (गुगलच्या मॉडेल शिकवायच्या सेवेत) इम्पोर्ट करायचंय आणि पान बघून रोग ओळखणारं मॉडेल करून बघायचंय.

प्रश्न असा की बकेटमध्ये रोगाच्या नावाने चार फोल्डर करून त्यात फोटो टाकायचे का? की सगळे फोटो एकत्र ठेवून कुठला फोटो कुठल्या रोगाचा याची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी यादी) वेगळी करायची? आमच्यात यावरून दोन तट पडलेत. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाहीये, एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत वेळ आहे.

सायली_प
चार फोल्डर करा आणि मोकळे व्हा. पायटॉर्च या मॉडेल शिकवायच्या लायब्ररीचं इमेजफोल्डर तर थेट फोल्डरच्या नावावरूनच लेबल घेतं, ॲमेझॉनच्या रेकग्निशन कस्टम लेबल्समध्ये सुद्धा फोल्डरच्या नावावरून लेबल लावायची सोय आहे. फोल्डर उघडला की नुसत्या डोळ्यांनी कळतं काय कुठे आहे, चुकीचा फोटो लगेच दिसतो. साडेपाच हजार फोटोंना यादीबिदीची गरज नाही असं माझं मत.

वऱ्हाडी_ठेचा
साडेपाच हजार फोटो!! दादा आधी त्याबद्दल कडक सलाम. आमच्याकडे बोंडअळीचे पाचशे गोळा करता करता दिवाळी गेली.

दूरदेशी
सायलीताई, असहमत.

पहिली गोष्ट, बकेटमध्ये फोल्डर ही वस्तूच नसते. गुगलचं असो की ॲमेझॉनचं, साध्या बकेटमध्ये प्रत्येक फाइलला एक लांबलचक नाव असतं आणि त्या नावात मध्ये मध्ये तिरक्या रेघा असतात म्हणून कन्सोल आपल्याला ते फोल्डरसारखं दाखवतं. म्हणजे उद्या तुम्ही एखादा फोटो "करपा" मधून "डाऊनी" मध्ये हलवला तर प्रत्यक्षात त्याची नवीन नावाने कॉपी होते आणि जुना पुसला जातो. एका फोटोला ठीक आहे हो, पण तज्ज्ञाने हंगामाच्या शेवटी बसून चारशे फोटोंची लेबलं बदलली की चारशे फाइलींची नावं बदलली, आणि जुन्या यादीत, जुन्या मॉडेलच्या नोंदीत, कुणाच्या वहीत लिहिलेले सगळे रस्ते तुटले. मागच्या महिन्यात हे मॉडेल नेमकं कुठल्या फोटोंवर शिकलं होतं असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही.

लेबल हे माणसाचं मत आहे, ते बदलतं. फोटो बदलत नाही. म्हणून फोटोचं नाव एकदा ठरलं की हलवायचं नाही आणि मत वेगळ्या यादीत ठेवायचं. यादीची नवी आवृत्ती काढा, जुनी तशीच राहू द्या, काहीशे केबींची फाइल ती.

टेंभुर्णीकर
दूरदेशी +१. आमच्याकडे डाळिंब. एकाच फळावर तेल्या पण आणि बुरशीचे ठिपके पण, हे पावसाळ्यात सर्रास असतं. मग तो फोटो कुठल्या फोल्डरमध्ये टाकणार? आमच्या ओळखीच्या एका गटाने असे फोटो दोन्ही फोल्डरमध्ये टाकले, मग रँडम वाटणी करताना तोच फोटो शिकवायच्या ढिगात पण गेला आणि तपासायच्या ढिगात पण. आकडे झकास आले, बागेत गेल्यावर बोंब.

यादीत हा प्रश्नच येत नाही. व्हर्टेक्सच्या सीएसव्हीत मल्टी-लेबल (एका फोटोला एकाहून जास्त लेबलं) असेल तर त्याच ओळीत पुढे दुसरं लेबल लिहायचं, बस.

सायली_प
टेंभुर्णीकर, दोन रोगांचा मुद्दा मान्य, तिथे फोल्डर अडतो. पण सगळं जग फोल्डर वापरतं त्याचं काय? इमेजनेट हा गाजलेला फोटोसंच घ्या, बारा लाखांवर फोटो आणि हजार वर्ग, फोल्डरमध्येच तर आहेत.

अनघा_डी
इमेजनेटचं उदाहरण नीट बघितलं तर ते दुसऱ्या बाजूने बोलतं. तिथल्या फोल्डरची नावं "मासा", "कुत्रा" अशी नाहीयेत, वर्डनेट या इंग्रजी शब्दसंग्रहाचे कोड आहेत, आधी एन आणि पुढे आठ आकडे. कोडचा अर्थ वेगळ्या फाइलमध्ये. आणि तपासणीचे जे ५०,००० फोटो आहेत ते तर सगळे एकाच सपाट ढिगात आहेत, त्यांची लेबलं वेगळ्या यादीत. म्हणून तर जो तो इमेजनेट उतरवून घेतल्यावर पहिल्यांदा ते ५०,००० फोटो फोल्डरमध्ये वाटणारी स्क्रिप्ट चालवतो. म्हणजे मूळ यादी, आणि फोल्डर हे त्या दिवसापुरतं सोयीचं रूप.

शिवाय २०२१ मध्ये दहा नावाजलेल्या डेटासेटच्या टेस्ट सेटमधली लेबलं तपासली गेली तेव्हा सरासरी ३.३ टक्के चुकीची निघाली, इमेजनेटच्या तपासणी संचात तर किमान ६ टक्के. इतक्या मोठ्या लोकांच्या कामात लेबलं बदलावी लागतात तर आपल्या बागेतल्या फोटोंची बदलणारच.

पण निफाडकर, फोल्डर की यादी यापेक्षा मोठा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. वाटणी कशी करणार? कुठले फोटो शिकवायला आणि कुठले तपासायला?

निफाडकर
अनघाताई, व्हर्टेक्स आपोआप ८०-१०-१० टक्के (शिकवायला, मधल्या तपासणीला, शेवटच्या परीक्षेला) करतं ना? तेच ठेवणार होतो.

अनघा_डी
तेच सांगायचंय. ते आपोआप करतं ते फोटो रँडम उचलून. तुमच्यापैकी एकजण एका प्लॉटमध्ये गेला, एका वेलीपाशी उभा राहिला आणि त्याच पानाचे वरून, खालून, जवळून असे पाच-सहा फोटो काढले. रँडम वाटणीत त्यातले चार शिकवायला जाणार आणि एक-दोन तपासायला. मॉडेलने रोग ओळखलाय की ते पान, ती वेल, मागची ठिबकची नळी ओळखलीये, कळायला मार्ग नाही.

प्लांटव्हिलेज या पानांच्या फोटोंच्या डेटासेटची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. ५४,३०६ फोटो, १४ पिकं, २६ रोग. २०१६ मध्ये मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांनी त्यावर मॉडेल शिकवलं, अचूकता आली ९९.३५ टक्के. त्यांनी एका पानाचे अनेक फोटो असतील तर ते एकाच बाजूला राहतील याची काळजी सुद्धा घेतली होती. तरी त्यांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर तेच मॉडेल ३१ टक्क्यांच्या आसपास आलं. कारण त्या संचातली पानं तोडून, एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेली. पुढे एका अभ्यासात फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त ८ पिक्सेल मॉडेलला दिले, पान दाखवलंच नाही, तरी ४९ टक्के बरोबर!

आणि द्राक्षवाल्यांसाठी खास, त्या संचात द्राक्षाचे ब्लॅक रॉट, एस्का, पानावरचा करपा आणि निरोगी एवढेच वर्ग आहेत. डाऊनी नाही, भुरी नाही. म्हणजे नाशिकच्या बागायतदाराची झोप उडवणारे दोन्ही रोग त्यात नाहीतच. म्हणून तुमचे साडेपाच हजार फोटो मोलाचे आहेत आणि म्हणूनच ते नीट लावा असं कळकळीने सांगतेय.

तर वाटणी प्लॉटवार करा. वीस प्लॉट असतील तर चौदा शिकवायला, तीन मधल्या तपासणीला, तीन शेवटच्या परीक्षेला. एका प्लॉटचे सगळे फोटो एकाच ढिगात. आणि हे व्हर्टेक्सला सांगायची जागा सीएसव्हीतच आहे, ओळीत सगळ्यात आधी ट्रेनिंग, व्हॅलिडेशन किंवा टेस्ट, मग फोटोचा रस्ता, मग लेबल. पहिला रकाना रिकामा सोडला की ते आपल्या मनाने वाटतं.

मोसम_नदी
वा अनघाताई, बुकमार्क केला हा प्रतिसाद.

वऱ्हाडी_ठेचा
व्हॉट्सॲपच्या फोटोंबद्दल सांगतो, कारण आमच्या बोंडअळीत हेच भोवलं असतं, एका पोरीच्या वेळेत लक्षात आलं म्हणून वाचलो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचं नाव म्हणजे तारीख आणि पुढे डब्ल्यूए आणि चार आकडे. दोन वेगळ्या मोबाइलमध्ये एकाच दिवशी आलेल्या दोन वेगळ्या फोटोंचं नाव हुबेहूब एक असू शकतं. बकेटमध्ये एकाच नावाने दुसरी फाइल टाकली की पहिली गुपचूप जाते, विचारत पण नाही. म्हणून अपलोडच्या कमांडला नो-क्लॉबर लावाच, म्हणजे आधी असलेल्या फाइलवर लिहिणार नाही. आणि बकेटवर ऑब्जेक्ट व्हर्जनिंग चालू करून ठेवा, गेलेली परत आणता येते.

दुसरं म्हणजे व्हॉट्सॲप साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान करतं आणि आतली माहिती, जीपीएस, वेळ, सगळं काढून टाकतं. पुढच्या हंगामात पोरांना सांगा डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर थेट ड्राइव्हवर टाका. भुरीची पावडर दाबलेल्या फोटोत नुसती धुरकट दिसते, मॉडेल काय ओळखणार कप्पाळ.

श्री२७
फाइलचं नाव एसएचए-२५६ हॅशवरून, म्हणजे फाइलच्या बाइटवरून निघणाऱ्या ठशावरून द्या. एकच फाइल दोनदा आली तर नाव एकच येतं, डुप्लिकेटचा प्रश्न संपला.

दूरदेशी
श्री, अर्धाच संपतो. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून फिरून आला की पुन्हा दाबला जातो, बाइट बदलतात, हॅश पूर्ण वेगळा. त्यासाठी परसेप्च्युअल हॅश काढावा लागतो, दिसायला सारख्या फोटोंचे हॅश जवळजवळ येतात. निफाडकरांनी दोन्ही काढावेत, आधी साधा, मग परसेप्च्युअल, आणि जवळच्या जोड्या माणसाने डोळ्यांनी बघाव्यात.

नावाबद्दल माझं मत, निव्वळ हॅश ठेवला तर शेतात उभं राहून कुणी "तो तिसऱ्या प्लॉटमधला फोटो" असं म्हटलं की शोधताना जीव जातो. प्लॉटचा कोड, तारीख, अनुक्रमांक आणि शेवटी हॅशची पहिली आठ अक्षरं. वाचता पण येतं आणि टक्कर पण होत नाही.

अक्षरवेडा
एक कळकळीची विनंती. फाइलच्या नावात आणि लेबलच्या कोडमध्ये देवनागरी नको. मराठीचा अभिमान मला कुणापेक्षा कमी नाही, मी युनिकोडवरच पोट भरतो, म्हणूनच सांगतोय.

समजा लेबल आहे "पांढऱ्या डागांची पाने". यातला ऱ्या दोन पद्धतीने टाइप होतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग य. दुसरी म्हणजे साधा र, हलंत, मग झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह), मग य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. संगणकाला दोन वेगळी लेबलं. तुमच्या ग्रुपमधल्या दोघांचे कीबोर्ड वेगळे असले की चार लेबलांची सहा लेबलं होतात आणि यादी कितीही वेळा वाचली तरी फरक दिसत नाही, मी स्वतः असे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवून हेक्समध्ये उघडून दाखवलेत लोकांना तेव्हा विश्वास बसला.

शिवाय यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि दुव्यात त्याची ९ अक्षरं होतात. फाइलच्या नावाला १०२४ बाइटची मर्यादा आहे, ती सहसा लागत नाही, पण लॉगमध्ये असा दुवा वाचायची वेळ आली की डोळ्यांत पाणी येतं.

कोड इंग्रजी लहान अक्षरांत ठेवा आणि कोडसमोर मराठी नाव, स्थानिक नाव, शास्त्रीय नाव असा एक छोटा तक्ता वेगळा ठेवा. तिथे मराठी भरभरून लिहा.

निफाडकर
अक्षरवेडा, हे फारच कामाचं. स्थानिक नावांचा तक्ता तर लागणारच आहे. आत्ताच यादीत डाऊनी, डावणी, केवडा अशी तीन नावं एकाच रोगाला आहेत, ज्याने जसं लिहिलं तसं.

सायली_प
हो आणि सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करत असाल तर जपून. यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट बसतात, आणि ते काढून न टाकणारी कुठलीही स्क्रिप्ट पहिल्या ओळीचा पहिला शब्द ओळखत नाही. लोक तासन्‌तास त्या पहिल्या ओळीकडे बघत बसतात. तसंच प्लॉट क्रमांक ००७ लिहिला की त्याचा ७ होतो आणि ३-४ लिहिला की तारीख. शेवटची सीएसव्ही स्क्रिप्टनेच काढा, हाताने नको.

(आणि बरं का, फोल्डरवाला माझा हट्ट मी सोडलेला नाही. यादीवरून स्क्रिप्टने फोल्डर तयार करून बघायला फार सोपं जातं, लेबल तपासताना तर शंभर टक्के.)

दूरदेशी
त्याला माझी काही हरकत नाही. मूळ यादी, बाकी सगळं यादीवरून काढलेलं. व्हर्टेक्सची सीएसव्ही सुद्धा. कारण सेवा बदलत राहतात. गुगलचं ऑटोएमएल व्हिजन २०१८ मध्ये आलं, २०२१ मध्ये व्हर्टेक्स एआय आलं. जुन्यात वाटणीचे शब्द कॅपिटलमध्ये ट्रेन, व्हॅलिडेशन, टेस्ट असे होते, नव्यात लहान अक्षरांत आणि ट्रेनचं ट्रेनिंग झालं. ॲमेझॉनकडे गेलात तर तिथे प्रत्येक ओळीत एक जेसन (नाव आणि मूल्य अशा जोड्यांची नोंद) आणि फोटोच्या रस्त्याला सोर्स-रेफ म्हणतात. आपली यादी आपल्या रकान्यांची असली की दहा ओळींच्या स्क्रिप्टमध्ये कुठल्याही घरी पाठवता येते.

काका_कोथरूड
पैशाचं कुणीच बोलत नाहीये. साडेपाच हजार फोटो, चार एमबीने धरले तर २२ जीबी. मुंबईच्या रीजनमध्ये स्टँडर्ड वर्गात ठेवले तर महिन्याला शंभर रुपयांच्या आत काम होतं. तेव्हा काटकसर म्हणून कोल्डलाइन किंवा आर्काइव्हमध्ये टाकू नका. त्यात ठेवणं स्वस्त पण वाचायला पैसे पडतात, आणि कोल्डलाइनमध्ये ९० दिवस, आर्काइव्हमध्ये ३६५ दिवसांच्या आधी काढलं तरी तेवढ्या दिवसांचं भाडं लागतंच. ट्रेनिंगला फोटो पुन्हा पुन्हा वाचले जातात. खर्चाची खरी जागा म्हणजे बकेटमधून बाहेर इंटरनेटवर उतरवणं, एकदा सगळं उतरवलं की कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढं बिल येतं. ग्रुपमधल्या सहाजणांनी सहा लॅपटॉपवर सगळं उतरवू नका, लहान केलेल्या फोटोंचा वेगळा संच ठेवा बघायला. आणि हो, महत्त्वाचं, ट्रेनिंगचे तास हे साठवणुकीपेक्षा कितीतरी महाग असतात, बजेट अलर्ट आधी लावा मग बटण दाबा.

मोसम_नदी
काका, द्राक्षाच्या एका फवारणीच्या मानाने हे काहीच नाही :)

बागवान_तासगाव
अरे वा, चांगला धागा. भुरीवर सध्या काय मारताय सगळे?

वऱ्हाडी_ठेचा
तासगावकर, इथे फोटो भरायचं चाललंय, टाकी भरायचं नाही :D

बागवान_तासगाव
बरं बरं :) मग बागेतलं सांगतो, ते तरी उपयोगी पडेल. पानाची कुठली बाजू आहे ते लिहून ठेवा. डाऊनीत वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग दिसतो आणि पांढरी बुरशी खालच्या बाजूला. भुरीची राख वरच्या बाजूलाही दिसते. आता पांढरं दिसलं आणि बाजू माहीत नसली तर माणूससुद्धा फोटो बघून फसतो. दुसरं, बोर्डो किंवा गंधक मारलेलं पान. वाळल्यावर पांढरट-निळसर डाग राहतात. नवीन पोरगं त्याला भुरी म्हणून टिपून आणतं. फोटोच्या आधी किती दिवसांपूर्वी काय फवारलं याचा रकाना ठेवा, आणि फवारणीच्या डागाची निरोगी पानं मुद्दाम काढून आणा, भरपूर.

अजून एक. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी, आणि पुढे थंडी पडून कोरडं झालं की भुरी. म्हणजे तुमचे डाऊनीचे फोटो सगळे ढगाळ उजेडातले आणि भुरीचे लख्ख उन्हातले असणार. तुमचं ते मशीन उजेडावरूनच रोग सांगायला लागेल.

अनघा_डी
बागवानकाका, या धाग्यातला सर्वात मोलाचा प्रतिसाद. उजेडाचा मुद्दा तर कुठल्याही कोर्सात असा सांगत नाहीत. निफाडकर, तारखेचा रकाना आहेच, त्यावरून महिनावार प्रत्येक रोगाचे किती फोटो आहेत ते मोजा. जिथे एखाद्या महिन्यात एकच रोग आहे तिथे त्याच महिन्यातली, तशाच उजेडातली निरोगी पानं हवीतच.

धनश्री_के
जरा अवांतर, पण मी मराठी बोलीच्या आवाजाच्या नमुन्यांवर काम करते, तिथे हेच लागू पडतं का?

अनघा_डी
अगदी. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाजांच्या संचाची मांडणी बघा, सगळ्या क्लिपा एका फोल्डरमध्ये आणि शिकवायच्या, तपासायच्या याद्या वेगळ्या टीएसव्हीत (टॅबने तोडलेल्या यादीत). बोलणाऱ्याचा कोड असतो आणि एक माणूस एकाच यादीत येतो. निफाडकरांचा प्लॉट तिथे तुमचा बोलणारा.

टेंभुर्णीकर
चौकटी काढणार असाल, म्हणजे पानावर डाग नेमका कुठे आहे ते दाखवणार असाल, तर आत्ताच एक पद्धत ठरवा. कोकोमध्ये डावा-वरचा कोपरा आणि रुंदी-उंची, पास्कल व्हीओसीत दोन कोपरे, योलोमध्ये चौकटीचा मध्य आणि रुंदी-उंची, ते पण फोटोच्या मापाने भागून ० ते १ मध्ये. आकडे चारच असतात त्यामुळे एकाचं दुसऱ्यात मिसळलं तरी इम्पोर्ट निमूटपणे होतं. आणि मोबाइल आडवा धरून काढलेल्या फोटोत फिरवण्याची खूण एक्झिफमध्ये (फोटोच्या आतल्या माहितीत) असते, एक ॲप ती पाळतं दुसरं पाळत नाही, चौकटी आकाशात जातात. अपलोडच्या आधीच फोटो सरळ करून सेव्ह करा, मूळ प्रत बाजूला ठेवा.

वैशाली_वकील
कायद्याच्या बाजूने दोन शब्द. फाइलच्या नावात शेतकऱ्याचं नाव किंवा सातबाऱ्यावरचा गट क्रमांक नको. फोटोच्या आत जीपीएस असतं, म्हणजे कुणाच्या बागेत किती रोग आहे हे नकाशावर दिसतं. व्यापारी भाव पाडायला हे वापरू शकतो, ही काही कल्पनेतली भीती नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी ज्यांनी विश्वासाने बागेत येऊ दिलं त्यांचा प्रश्न आहे. प्लॉटला कोड द्या, कोड कुणाचा ही वही बकेटच्या बाहेर, एकाच माणसाकडे. वाटायच्या प्रतीतून जीपीएस काढा, यादीत फक्त तालुका. बकेट पब्लिक करू नका, कुणाला दाखवायचं असेल तर ठरावीक मुदतीनंतर बंद होणारी, सही केलेली लिंक द्या. आणि शेतकऱ्याकडून एका पानाचं संमतीपत्र, मराठीत, त्याला समजेल असं.

निफाडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही सहाजण बसलो आणि धागा मोठ्याने वाचला. ठरलं ते असं:

बकेट मुंबई रीजनमध्ये. आत तीन जागा, मूळ फोटो (एकदा टाकले की कुणी हात लावायचा नाही), सरळ करून जीपीएस काढलेले फोटो, आणि याद्या. फोटोचं नाव प्लॉट कोड, तारीख, क्रमांक, हॅशची आठ अक्षरं. यादीत प्रत्येक फोटोसमोर पानाची बाजू, शेवटची फवारणी आणि तिला झालेले दिवस, कुणी काढला, कुणी लेबल लावलं, आणि लेबल किती खात्रीचं. यादीच्या प्रत्येक आवृत्तीच्या नावात तारीख. व्हर्टेक्सची सीएसव्ही स्क्रिप्ट काढणार, मल्टी-लेबलवाली.

आमच्याकडे छत्तीस प्लॉट निघाले. वाटणी प्लॉटवारच. दोनशे ओळींची चाचणी इम्पोर्ट करून बघितली, एकही ओळ अडकली नाही.

आता एकच अडचण. दोघांनी स्वतंत्रपणे तीनशे फोटोंना लेबलं लावून बघितली तर करपा आणि जुना डाऊनी यात बऱ्याच ठिकाणी मतभेद आहेत. हे फोटो काढून टाकायचे का?

अनघा_डी
काढू नका! यादीत दोघांचीही मतं दोन रकान्यांत ठेवा. शिकवायच्या ढिगातून ते तूर्त वगळा, तेवढ्यासाठी स्क्रिप्टमध्ये एक अट पुरते. परीक्षेच्या प्लॉटमधले मतभेदाचे फोटो मात्र वगळायचे नाहीत, नाहीतर परीक्षा सोपी होईल. ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात रोगशास्त्राच्या माणसाला दाखवा आणि तिसरा रकाना भरा. आणि दोघांचं जमतं किती हे नुसत्या टक्क्यात न मोजता कोहेनचा कॅप्पा काढा, योगायोगाने जुळलेलं त्यात वजा होतं.

बागवान_तासगाव
जुन्या डागाचं फोटोवरून माझंही ठरत नाही. पान ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर पिशवीत ठेवा, डाऊनी जिवंत असेल तर सकाळी खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसते. पुढच्या हंगामात शंकेच्या पानाचा फोटो काढला की पान पण तोडून आणा आणि सकाळचा दुसरा फोटो त्याच क्रमांकाला जोडा.

निफाडकर
काका, हे एकदम पक्कं. यादीत "सकाळचा फोटो" असा रकाना आत्ताच वाढवतो. स्क्रिप्ट साफ करून झाली की इथेच टाकतो, डाळिंब आणि कापूसवाल्यांना रकाने बदलून वापरता येईल.

टेंभुर्णीकर
टाका लवकर, मृग बहाराचे फोटो तोंडावर आलेत. आमच्याकडे पानाच्या बाजूऐवजी फळाचं वय लागेल, आणि दोन लेबलांच्या ओळी निम्म्याहून जास्त असतील, ते स्क्रिप्ट सांभाळून घेईल ना?

दूरदेशी
घेईल. लेबलांचा रकाना एकच ठेवा आणि मध्ये उभी रेघ घाला, स्वल्पविराम नको. सीएसव्ही काढताना स्क्रिप्ट ती तोडून पुढच्या रकान्यांत टाकेल.